मुलाला रिज्क, मुलीला नसीब

यंदा एप्रिलमध्ये आमच्या मुलीची बिस्मिल्लाखानी झाली. चार वर्षं, चार महिने, चार दिवस पूर्ण झाले की मुलाला पहिलं अक्षर गिरवायला लावायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. कोंढव्यातल्या आमच्या दोन खोल्यांत चाळीस-पन्नास माणसं जमली होती. त्याच दिवशी माझ्या चुलतभावाच्या मुलाचीही बिस्मिल्ला होती, म्हणून दोघांना एकाच चटईवर बसवलं. पाटी एकच, जर्दाही एकाच पातेल्यातला. घराण्यातल्या एका बुजुर्ग हाफिजसाहेबांनी दोघांकडून अक्षरं म्हणवून घेतली आणि दुआसाठी हात उचलले. मुलासाठी म्हणाले, अल्लाह याच्या इल्ममध्ये तरक्की दे, रिज्कमध्ये बरकत दे, मां-बाप का नाम रोशन करे. मग माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, अल्लाह बच्ची का नसीब अच्छा करे.

सगळे आमीन म्हणाले. मीही म्हणालो.

स्वयंपाकघरात जर्दा वाढणारी माझी आपा मात्र तिथूनच म्हणाली, "मेरे को भी यहीच मिली थी." ती हसत होती, त्यामुळे बाकीचेही हसले. मी हसलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या रात्री मला झोप आली नाही आणि हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे.

हाफिजसाहेबांबद्दल माझी तक्रार नाही. ते भले गृहस्थ आहेत आणि माझ्या मुलीवर त्यांची माया आहे. त्यांनी फक्त आपल्या सगळ्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा बोलून दाखवली. आठवून पाहा. तुमच्या घरात मुलगा परीक्षेला निघाला की काय दुआ असते आणि मुलगी निघाली की काय? मुलासाठी आपण रोजी मागतो, इल्म मागतो, तरक्की मागतो, म्हणजे तो स्वतः जे कमावणार आहे ते मागतो. मुलीसाठी आपण नसीब मागतो, आणि नसीब या शब्दाचा आपल्या बोलीतला अर्थ एकच आहे: चांगला नवरा. म्हणजे तिचं रिज्क दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जमा होणार आणि ते तिच्यापर्यंत पोहोचेल अशी आशा करायची. दुआ ही नुसती तोंडची गोष्ट नसते. आईबाप मुलांसाठी जे मागतात, त्याच्याच मागे पैसा, वेळ आणि धावपळ लावतात. मला तर दुआ हा घराचा अर्थसंकल्प वाटतो.

आमच्याच घराचा अर्थसंकल्प सांगतो. आम्ही गंज पेठेत वाढलो, मोमीनपुऱ्याच्या बाजूला. अब्बा नाना पेठेत दुचाकी दुरुस्त करायचे. अम्मी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. २००१ साली तिला दहावीला ८१ टक्के पडले. तीन वर्षांनी मला ७४ पडले. मी अकरावी सायन्सला गेलो, मग इंजिनीअरिंगला, आणि आज खराडीत एका कंपनीत नोकरी करतो. आपाला शिवणक्लासला घातलं आणि एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. घरात कुणी दुष्ट नव्हतं. अम्मी तहज्जुदला उठून दोघांसाठीही रडायची, मी स्वतः ऐकलंय. पण माझ्या नावाने रडून झाल्यावर सकाळी ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सरकारी कचेरीच्या रांगेत उभी राहायची, "उद्या या" ऐकून परत यायची आणि उद्या पुन्हा जायची. माझ्या फीसाठी तिने शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले, कागदांच्या झेरॉक्स काढल्या, न समजणाऱ्या मराठीत अर्ज लिहवून घेतले. आपाच्या नावाने एकही दाखला कधी काढला गेला नाही. तिच्यासाठी फक्त दुआ होती.

अम्मी म्हणायची, "रिज्क देनेवाला वो है, पर राशन की लाइन में मेरे को खड़ा रहना पड़ता." तवक्कुलवरचं याहून चांगलं बयान मी अजून कोणत्याही मिंबरवरून ऐकलेलं नाही. प्रश्न एवढाच की ती रांग फक्त माझ्यासाठी का होती?

आता कुणी म्हणेल, हा दीनचा भाग आहे, मुलगा आणि मुलगी यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या. बरं, मग दीनमध्येच पाहू. मी आलिम नाही. पण ज्याला दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून पोट भरावं लागतं, त्याला एक सवय लागते: कागदपत्रांत काय लिहिलंय असं लोक म्हणतात ते ऐकायचं आणि मग मूळ कागद उघडून बघायचा.

कुरआनात मूल आणि रिज्क हे दोन शब्द एकत्र येणारी एक गोष्ट सूरह आल-इम्रानमध्ये आहे, आयत ३५ पासून पुढे. इम्रानची बायको पोटातलं मूल अल्लाहच्या कामासाठी वाहून टाकते. तिची अपेक्षा मुलाची असते, कारण इबादतगाहच्या सेवेला मुलगेच ठेवत. होते मुलगी. आई गोंधळून सांगते की ही तर मुलगी झाली. ती नवस फिरवत नाही. मुलीचं नाव मरियम ठेवते आणि तिच्यासाठी आणि तिच्या पुढच्या वंशासाठी सैतानापासून पनाह मागते. आणि ती मुलगी स्वीकारली जाते, चांगल्या रीतीने स्वीकारली जाते, असं कुरआन सांगतो. मग मरियम जिथे इबादत करते त्या मेहराबमध्ये तिचे पालक हजरत जकरिया जातात, तर दर वेळी तिच्यापाशी रिज्क ठेवलेलं दिसतं. ते विचारतात, हे कुठून आलं? मुलगी उत्तर देते की अल्लाहकडून. त्या क्षणी, त्याच जागी, म्हातारे झालेले पैगंबर जकरिया स्वतःसाठी नेक औलाद मागतात.

ही गोष्ट आपण हजार वेळा ऐकली आहे. औलादसाठी कोणती दुआ पढावी असं विचारलं की जकरियांची तीच दुआ सांगतात. पण ती दुआ त्यांना सुचली कुठे, हे कुणी सांगत नाही. ती एका मुलीच्या दारात सुचली, तिचं रिज्क थेट तिच्या हातात आलेलं पाहून. मधे नवरा नव्हता, भाऊ नव्हता. ज्या किताबात मुलीच्या रिज्कची अशी गोष्ट आहे, ती किताब मानणाऱ्या घरात मुलीसाठी फक्त नसीब का मागतात, याचं उत्तर मला कुणी तरी द्यावं.

दुसरी गोष्ट हजरत अनस यांची. मुलासाठी माल, औलाद आणि बरकत मागणारी जी दुआ आज मोबाइलवर रोज फिरते, ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उम्मे सुलैम आपल्या मुलासाठी दुआ करा म्हणून हजरत पैगंबरांना विनंती करतात आणि पैगंबर ती दुआ करतात. फॉरवर्ड इथे संपतो. पुढे लिहिलेलं असतं: फज्रनंतर इतक्या वेळा पढा, अकरा जणांना पाठवा. पण उम्मे सुलैम यांनी दुआ मागून मुलाला घरी नेलं नाही. दहा वर्षांचा मुलगा त्यांनी पैगंबरांकडे खिदमतीला आणि शिकायला ठेवला आणि तो दहा वर्षं तिथे राहिला. त्या काळातली मदिन्यातली सर्वांत मोठी शाळा तीच होती. त्या मुलाने पुढे दोन हजारांहून अधिक हदीस सांगितल्या. शिक्षण आणि दुआ एकाच आईने एकाच मुलासाठी योजली होती. आपण त्यातलं शिक्षण गाळलं आणि दुआच्या वेळा मोजत बसलो.

आणि हजरत इब्राहीम? ओसाड खोऱ्यात बायको आणि तान्हं मूल ठेवून त्यांनी त्यांच्या रिज्कसाठी दुआ केली, हे सूरह इब्राहीममध्ये आहे. दुआ त्यांनी केली आणि धावल्या हाजरा. सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या. हजला गेलेला प्रत्येक पुरुष, मग तो कितीही मोठा मौलाना असो, आजही त्या बाईच्या पावलांवर धावतो. घरी परत आल्यावर मात्र आपल्या मुलीला अकरावीसाठी लक्ष्मी रोडपर्यंत पीएमटीने एकटीला पाठवायला त्याला भीती वाटते.

या लेखाचा विषय निघाला की माझे पुरोगामी मित्र खूश होतात. त्यांना वाटतं आता मी दुआच सोडून द्या म्हणणार. तसं मी म्हणत नाही. पहाटे तीनला उठून पोरांच्या नावाने रडणाऱ्या बाईला हसणारा माणूस मला त्या बाईपेक्षा शहाणा वाटत नाही. माझं भांडण दुआशी नाही. दुआचा धंदा करणाऱ्यांशी आहे, आणि दुआ पुढे करून कामातून अंग काढून घेणाऱ्यांशी आहे. त्यात मी स्वतःही येतो.

धंद्याचं आधी. आमच्या नात्यातल्या एका खालांचा मुलगा बारावीत मागे पडायला लागला. खाला एका आमिलकडे गेल्या. त्याने सांगितलं, बच्चे को नजर लगी है, रिज्क बांध दिया है किसीने. नक्श, पाणी आणि एक तावीज मिळून ३,३०० रुपये झाले, तेही क्यूआर कोडवर. दोन महिन्यांनी मुलाच्या मास्तरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहिलं तेव्हा कळलं की त्याला फळाच दिसत नव्हता. नजरेचा प्रश्न होता हे आमिलने बरोबर ओळखलं होतं म्हणायचं! चष्मा सोळाशे रुपयांत झाला.

महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून आपल्या याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बाबांना लागू आहे आणि तो साध्या प्रार्थनेच्या वाटेला जात नाही. तरीही आपल्या वस्तीत "हा आपल्यावरचा हल्ला" असं म्हणणारे भेटतात. हल्ला कुणावर? खालांच्या ३,३०० रुपयांवर झालेला हल्ला त्यांना दिसत नाही. खाला पोलिसांत गेल्या नाहीत, हेही सांगून टाकतो. मी आग्रह केला, त्या म्हणाल्या बददुआ लागेल.

आता अंग काढून घेणाऱ्यांचं. प्रत्येक मूल आपलं रिज्क घेऊन येतं, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो. गरिबीच्या भीतीने औलाद मारू नका, तुम्हाला आणि त्यांना आम्हीच देतो, या अर्थाची आयत सूरह बनी इस्राईलमध्ये आहे, खरं आहे. पण ज्या समाजात मुली जिवंत पुरल्या जात होत्या, त्या समाजातल्या बापांना ती फटकारते. बापाने शाळेची फी भरू नये, याची ती सूट नाही. पाखरं सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, ही हदीस सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की पाखरं घरट्यातून निघतात. (आणि मादी पाखरंही निघतात.)

या वाक्यावरून बाहेरचे लोक आपल्याला लोकसंख्येचे टोमणे मारतात, त्यांनाही एक उत्तर देऊन ठेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३मध्ये, मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, तो २.३६वर आला. ही घट भाषणांनी झालेली नाही. ती आपल्या बायांनी केली, ज्यांतल्या बहुतेक पाच वक्तच्या नमाजी असतील. कमी मुलं आणि प्रत्येक मुलाला जास्त, हा हिशोब त्यांनी आपापल्या घरी गुपचूप मांडला. मौलानांना विचारलं नाही आणि टोमणे मारणाऱ्यांनाही नाही.

पण मग ते जास्त कुठून यायचं? इथे दुआ मागणाऱ्या हातांनी निवेदनही धरायला हवं होतं. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६मध्ये सांगितलं की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मुलं शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली, आणि शाळकरी वयाची फक्त तीन टक्के मुलं मदरशात आहेत. म्हणजे आपला प्रश्न मदरसा कधीच नव्हता. शाळा हा प्रश्न होता. त्यानंतर २००८मध्ये अल्पसंख्याकांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यात तीस टक्के वाटा मुलींसाठी राखलेला होता. २०२२मध्ये केंद्र सरकारने ती पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. त्याच डिसेंबरात संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केल्याचं जाहीर झालं. जुलै २०१४मध्ये राज्यात मुस्लिमांतल्या मागास घटकांना पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला होता. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतला भाग थांबवला, पण शिक्षणातला राहू दिला. डिसेंबरात वटहुकूम संपला आणि नंतरच्या सरकारने त्याचा कायदा केलाच नाही.

हे सरकारांनी केलं आणि त्याचा जाब सरकारांनाच विचारायला हवा. पण एक प्रश्न घरच्यांनाही आहे. त्या काळात मी दर शुक्रवारी जुम्याला जात होतो. औलादच्या तरबियतीवर, बरकतीवर, नजरेवर किती तरी बयानं ऐकली. पहिलीतल्या पोरीची शिष्यवृत्ती गेली, हे मी एकाही बयानात ऐकलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर त्या इमामांना माझा सलाम सांगा.

आणि ज्यांनी त्यावर बोलायला हवं होतं, त्या आया जुम्याला नव्हत्याच. पुण्याच्याच एका जोडप्याला २०१९मध्ये मशिदीत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. पुढच्या वर्षी पर्सनल लॉ बोर्डानेच न्यायालयात लिहून दिलं की इस्लाममध्ये स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही. कागदावर मनाई नाही. आमच्या मोहल्ल्यात जागा नाही.

गंज पेठेत आमच्या घरापासून फुलेवाडा चालत पाच मिनिटांवर. १८४८मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे लहानपणी आम्हाला शाळेत शिकवलं. फातिमा शेख यांचं नाव मात्र मी पंचविशी उलटल्यावर ऐकलं. आता कुणी म्हणतात की त्या झाल्याच नाहीत. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, तो त्यांनी वाचावा. पण मला बाहेरच्यांचा राग कमी येतो. ज्या गल्लीतून दीडशे वर्षांपूर्वी एक मुस्लिम बाई मुलींना शिकवायला निघत असे, त्याच गल्लीत २००१ साली ८१ टक्के मिळवलेली मुलगी शिवणक्लासला गेली, आणि कुणाला त्यात विसंगती दिसली नाही.

मला दिसली का? नाही. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, ही सबब चालेल. पण २०१८मध्ये मी तीस वर्षांचा होतो.

अब्बा २०१६मध्ये वारले. दोन वर्षांनी गंज पेठेतलं घर विकायचं ठरलं. थोरले चुलते म्हणाले, कागद सोपे होतील, बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घे. आपा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आली, सही केली, अंगठा दिला, मला रसमलाई खायला घातली आणि गेली. घर ४८ लाखांना गेलं. सूरह निसामधला हिशोब एखाद्या पोरालाही येईल: विधवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, माझे चौदा, आपाचे सात. म्हणजे आपाचे चौदा लाख. मुलीला मुलाच्या निम्मं का, यावर मी इतरत्र भांडेन. पण आपण तर ते निम्मंही देत नाही. सोडून दे, भावाचं घर तुझंच माहेर आहे, असं म्हणून तिच्याकडून सही घेतो आणि त्याला शरियत म्हणतो. शरियतवर जरा कुणी बोट ठेवलं की मोर्चे निघतात. बहिणींचे बुडवलेले हिस्से परत मिळावेत म्हणून मी तरी आजवर एकही मोर्चा पाहिलेला नाही. त्या चौदा लाखांवर कोंढव्यातल्या माझ्या फ्लॅटचा पहिला हप्ता भरला गेला. त्याच फ्लॅटमध्ये बिस्मिल्ला झाली, त्याच स्वयंपाकघरातून आपा बोलली.

मे महिन्यात मी तिला सांगितलं की पैसे परत करणार आहे. चुलत्यांचा फोन आला, तिने राजीखुशीने सोडलंय, आता खानदानात नवा पायंडा पाडू नकोस, बाकीच्या बहिणी उठतील. उठू देत. माझ्या बायकोला मी घाबरत घाबरत सांगितलं तर ती म्हणाली, तुला एवढी वर्षं लागली? ती बारावीच्या मुलांना गणित शिकवते, तिने अपूर्णांक केव्हाच सोडवून ठेवले असणार.

आपा आधी नको म्हणाली. मग दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिची मुलगी यंदा बारावी झाली आहे, फार्मसीला जायचं म्हणते. आपा म्हणाली, देना है तो फीस की तारीख के पहले दे. तिच्या एकटीच्या नावाचं बँकेत खातं नव्हतं, म्हणून एका शनिवारी आम्ही ते उघडायला गेलो. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने विचारण्याआधीच गृहिणी लिहिलं होतं. आपाने ते खोडायला लावलं आणि शिवणकाम लिहवून घेतलं.

पहिले दोन लाख जूनमध्ये गेले. उरलेले बारा लाख दर सहा महिन्यांनी दोन असे द्यायचे ठरलं आहे. २०१८चे चौदा लाख म्हणजे आजचे चौदा लाख नव्हेत, हे मलाही कळतं, त्याचं काय करायचं ते आपा आणि मी अजून ठरवतो आहोत. आकडे इथे मुद्दाम लिहून ठेवले आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आमच्या ओळखीचे आहेत, आणि हप्ता चुकला तर ते मला जुम्यानंतर मशिदीच्या दारात विचारू शकतात.